दाताखालचं शिसं

माझ्या हट्टी अब्बांना,

सकाळपासून जिवाची नुसती घालमेल चाललीय. शेगडी दोनदा पुसून झाली, भात धुऊन कुकरात टाकला आणि खाली गॅस लावायलाच विसरले. तुमचा जावई इक्बाल उद्या जुम्म्याची नमाज झाली की नेमबाजी क्लबाच्या मालकाला, त्या कफीलला, नोकरीचं उत्तर देणार आहे. जागा कुठली, माहीत आहे? तुमचीच. तुमची ती मागची शेड. मला कोणाशी तरी भांडायचंय आणि घरात कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

इक्बालची मोबाईल दुरुस्तीची नोकरी गेली. हुकूमच निघाला की मोबाईलच्या दुकानात फक्त सौदी माणसं बसणार. मालक वाईट नव्हता हो. खलास म्हणाला, माझ्या हातात काही नाही म्हणाला, चहा पाजून त्याने निरोप दिला. पण इथे राहायचा परवाना, इकामा, चहावर चालतो का? नवी नोकरी नाही तर बोऱ्याबिस्तर बांधायचा, झोयाची शाळा अर्धवट सोडायची आणि रत्नागिरीला जायचं.

तुमच्या वेळीही हेच झालं होतं ना? क्लबात पुढच्या काउंटरवर सौदी पोरं आली आणि तुम्हाला मागे शेडमध्ये ढकललं. मागे कोणी तपासायला येत नाही, तिथे आपली माणसं चालतात. आणि तुम्ही अम्मीला फोनवर काय सांगितलंत? तर म्हणे बढती झाली! अम्मीने शेजारीपाजारी मिठाई वाटली.

मी लग्न होऊन इथे सौदीत, खोबरला आले त्या पहिल्या हिवाळ्यात तुम्ही मला शेड दाखवायला नेलं होतंत. क्लब बंद होता, तुम्ही राजासारखे फिरत होतात. पंक्चरवाल्यांकडून आणलेली टायर बॅलन्सिंगची जुनी वजनं वितळवायची, साच्यात ओतायची, सरावासाठी गोळ्या पाडायच्या. रिव्हॉल्व्हर गरीब असतं म्हणालात, काय घालाल ते खातं. पण हे आपोआप भरणारं पिस्तूल म्हणजे मानपान मागणारा व्याही. गोळी जराशी जाड झाली, नाकाशी खडबडीत राहिली की तोंडातच अडकून बसतं. शिसं फार मऊ पडलं तर नळी आतून माखून ठेवतं. मी हसून हसून बेजार झाले होते.

मग तुम्ही ती गंमत दाखवलीत. वजनांत एखादं जस्ताचं मिसळलं की सगळा घाणा बिघडतो, म्हणून प्रत्येक तुकडा आधी पारखायचा. कसा? दाताने! खूण उमटली तर शिसं, नाही उमटली तर जस्त. आपल्या खाडीवर गळ टाकताना दोरीला शिशाची गोळी दातानेच चावून बसवतात, तीच सवय तुम्ही इथवर आणलीत. तिथले बंगाली, मल्याळी लोक कात्रीने कापून बघायचे. तुम्हाला कात्री शोधायलाही वेळ नव्हता.

अब्बा, खाडीवर माणूस संध्याकाळच्या कालवणापुरते मासे धरतो हो. तुम्ही पोतीच्या पोती दाताखालून काढलीत.

पोटात कळा यायला लागल्या तेव्हा तुम्ही इथल्या कबशाला, त्या मटणभाताला दोष दिलात. चिडचिड वाढली तेव्हा उन्हाला. मनगट लुळं पडून हातातला कप सुटायला लागला, तेव्हा कुठे फायनल एक्झिट घेऊन कायमचे घरी गेलात. रत्नागिरीच्या डॉक्टरने रक्त तपासून शिसं म्हटलं, तर त्यालाच सुनावलंत, “पाच वेळा वजू करणारा माणूस मी, माझ्या अंगाला कसली घाण राहणार?” हात धुतलेत, तोंड धुतलंत, चुळा भरल्यात. पोटात गेलेलं कोण धुणार होतं?

या आठवड्यात इक्बाल तिथे काम शिकायला जातोय. परवा खुशीत घरी आला. म्हणाला, शेडमध्ये अजून तुमचं नाव निघतं, दाताने पारखण्याला तिथे ‘अब्बा टेस्ट’ म्हणतात. खिशातून एक तुकडा काढला आणि आमच्यासमोर चावून दाखवला. झोया लगेच पुढे. “पापा, मैं भी करूँ?” आणि याने तो तुकडा तसाच, ओला, तिच्या हातावर ठेवला! मी पोरीच्या हातावर फटका मारून तो उडवला. ती रडत बसली, इक्बाल तुकडा शोधायला वाकला.

मग आमची जुंपली. तो म्हणतो, हातमोजे घालीन, तोंडाला फडकं बांधीन, कात्री वापरीन. वापरेलही. महिनाभर. पुढे घाई झाली की हात कात्रीकडे जाईल की तोंडाकडे? वर म्हणाला, “अब्बांनीच इथून जाताना कफीलला माझं नाव सांगून ठेवलं होतं.” हे मला माहीतच नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनगट लुळं पडलेलं असताना तुम्ही स्वतःच्या जावयाला तिथे चिकटवायला निघालात? लेकीचा विचार नाही आला?

दुपारी अम्मीला फोन केला आणि तुमच्या नावाने नको नको ते बोलले. तर ती म्हणाली, “त्यांना बोलू नकोस. शेवटी त्यांना कळलं होतं. डोळे मिटायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, फोन कर, इक्बालला म्हणावं तिथे पाऊल टाकू नकोस. मीच केला नाही. वाटलं, तेवढ्यासाठी तुमचं तिकडचं बस्तान उठायला नको.”

वड्याचं तेल वांग्यावर काढत होते मी, अब्बा. डॉक्टरसमोर कधी वाकला नाहीत, आणि आमच्यासाठी गुपचूप हार मानलीत होय? मग मला स्वतः का नाही सांगितलंत? फोन धरायला हातात बळ नव्हतं, की मी ओरडेन याची भीती वाटली? ओरडले असते. पण तुमचा आवाज तरी कानावर पडला असता.

अम्मीला मी काही बोलणार नाही. ती बिचारी फोनवरही रडत होती.

इक्बाल आत्ता येईल. आल्या आल्या अम्मीला फोन लावून त्याच्या हातात देणार आहे, तुमचा निरोप तिने तिच्याच तोंडून द्यायचा. तरी ऐकलं नाही, तर उद्या अबाया चढवून मीच कफीलसमोर उभी राहीन आणि नाही म्हणेन. इकामा गेला तर जाऊ दे. रत्नागिरीत इक्बाल मोबाईल दुरुस्त करील, नाहीतर मी भाकऱ्या थापून विकीन. पण माझ्या झोयाला मी हे असलं पत्र लिहायला लावणार नाही, अब्बा. शब्द देते.

तुमची भांडकुदळ,
रुखसाना