ड्रमची मुकी थाळी

१ मार्च
रोजनिशीबाई, तुझी तब्येत बरी असावी. (लिहायला शिकलो तो गावी मोडनिंबला पत्रं धाडूनच, त्यामुळे विचारपूस केल्याशिवाय पेन पुढं सरकत नाही.) बायको केसरबाईचा गुडघा? दुखतोय, पण तोंड ठणठणीत. लेक धम्मप्रियाची सर्दी? गेली. दोस्त बसप्पाची शुगर? मोजायचं सोडल्यापासून नॉर्मल. माझी? फर्स्ट क्लास. चष्मा सोडला तर सगळे पार्ट ओरिजिनल.

मुद्दा. गायन पार्टीत ढोलकी कायम माझी. काल मॅनेजर प्रदीप म्हणाला, भीमादादा, यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला इलेक्ट्रॉनिक ड्रम लागतोय, पब्लिकला तेच पायजे की. तुमी शिकताय का दिपकला बसवू?
दिपक! ज्याला मी ढोलकी धरायला शिकवलं!
मी म्हणालो, शिकायचं काय त्यात? उभा जन्म एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर गेला. ठेका रक्तात आहे.
संकल्प: आठवड्यात सेट. पंधरवड्यात मास्टर.

३ मार्च
अभ्यास. रबरी पॅड स्वस्त, जाळीचे चांगले. स्टूल वेगळं घ्यावं लागतं, ही फसवणूक. मुख्य फायदा, हेडफोन लावला की घरात शांतता.
केसर म्हणाली, शांतता? तुमचा टीव्ही शुक्रवार पेठेतनं थेट कारखान्यात ऐकू जातोय.
काहीतरी बोलायचं म्हणून बोलते.

६ मार्च
दुकानात गेलो. सोबत बसप्पा. जन्मभर माझ्या शेजारच्या मागावर होता, जाणकार माणूस. पायाचा ड्रम झकास, पोटात धक्का बसतो. पण वरची पितळी आवाजाची थाळी मुकी! हाणली, काही नाही. बसप्पानं हेडफोन लावला. म्हणाला, हौदु, होय भीमा, मुकीच हाय की ही.
दोघांचं एकमत.
मग मालकानं स्वतः हेडफोन लावून वाजवली आणि दचकून कान चोळला. विकायसाठी माणसं काय काय नाटकं करतात.

९ मार्च
आणखी दोन दुकानं. तिथंही थाळ्या मुक्याच. निष्कर्ष: स्वस्त सेटमध्ये सगळ्या कंपन्या थाळीत काटकसर करतात. ग्राहक मंचात जायचं ठरवलं. साक्षीदार बसप्पा.
सगळीकडं हेच. नवा कुकर शिट्टीच देत नाही, आज वरण करपलं. दारावरची बेल बंद. पेठेत चिमण्या राहिल्या नाहीत.

१४ मार्च
जाळीचा सेट घेतला. थाळी मुकी म्हणून सूट मागितली. मालकानं हात जोडले, सूट दिली. व्यवहार असा करायचा असतो.

२२ मार्च
मास्टर व्हायला थोडा वेळ लागेल. दोष थाळीचा. उपाय सापडला: स्पीकर जोडून आवाज फुल्ल. आता थोडी कुजबुजते.
शेजारची बजाबाई आली. म्हणाली, बेल वाजवून बोट दुखलं, भाऊ. मांडणीवरची पातेली खाली आली माझी!
कौतुकच म्हणायचं.
मागांच्या खडखडाटात आम्ही कामगार खुणांनी बोलायचो. केसर हल्ली घरात तशाच खुणा करते. वय झालं की माणसाला जुनं आठवतं.

२९ मार्च
पार्टीची प्रॅक्टिस. दणकून वाजवलं. गायिका कीर्ती दोन्ही कानांवर हात ठेवून गात होती. नवी स्टाईल असेल.
नंतर माझी पाठ वळलेली असताना सोबत आलेल्या धम्मप्रियानं थाळी वाजवली म्हणे. सगळे माझ्याकडंच बघायला लागले. काय झालं विचारलं तर प्रदीप वायरी गुंडाळायला लागला.
वाटेत लेक म्हणाली, पप्पा, उद्या दवाखान्यात चला, आईच्या गुडघ्यासाठी.

३० मार्च
रिक्षात केसर नव्हतीच. गुडघ्याच्या डॉक्टरनं मला काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबा म्हणाला. बराच वेळ बसलो. वाजवणाराच आला नसावा. बटण दोन-तीनदा उगाच दाबलं, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

६ एप्रिल
कानात मशीन बसलं. कुकरनं शिट्टी दिली, मी खुर्चीसकट उडालो. चिमण्या परत आल्यात. केसर ओट्यापाशी माझ्याबद्दल पुटपुटते, आणि ही सवय जुनी दिसते.
थाळी एकदाच वाजवली. बजाबाईच्या पाया पडायला हवं.
संध्याकाळी मोबाइलवर मागच्या जयंतीचं रेकॉर्डिंग लावलं. आपली ढोलकी ऐकावी म्हणून. ढोलकी गाण्याच्या मागून येत होती. प्रत्येक कडव्याला कीर्ती शेवटचा सूर लांबवत होती, मी पोचेपर्यंत. पेटीवाला थांबत होता. दिपक टाळ्या वाजवून मला वाट दाखवत होता.
इतकी वर्षं. कुणी एका शब्दानं बोललं नाही.

७ एप्रिल
बसप्पाला मशीन दाखवलं. म्हणाला, मला कशाला, माझे कान शाबूत हायत. थाळ्याच मुक्या, तूच म्हणालास की.
वाद घातला नाही.
मग प्रदीपला मेसेज केला, तो इथं उतरवून ठेवतो:
प्रदीप, तू बरा असशील. कीर्तीचा घसा, दिपकची मनगटं, पेटीवाल्याची पाठ, सगळं बरं असावं. सेट उद्या पाठवतो, दिपकला बसव. स्टूलही देतो. मला कोपऱ्यात झांज दे, हळू वाजवीन. आता माझ्यासाठी थांबू नका. उत्तर लवकर लिही. मोबाइलची टिंग मला ऐकू येते आता.