दुसऱ्या नावाचं पिस्तूल

शनि. १३ सप्टें.

दादा आज नेमबाजीच्या क्लबवर स्वतःचं पिस्तूल घेऊन आला. पहिलंच. परीक्षा, क्लबची शिकाऊ मुदत, पोलिसांचा परवाना, सगळं न कुरकुरता केलं त्याने. दादासाठी हे नवीन. पेनरोजच्या डेपोत पाळ्या करायला लागल्यापासून त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

माझ्या हातात दिलं. वरची सरकती स्लाइड मागे ओढली आणि ओळखलं. बाजूवरचं नाव नवं, बाकी तेच. काडतुसाचं रिकामं कवच जिथून उडतं त्या खिडकीचा तो काटकोनी कोपरा, आतले मशीनचे ओरखडे. दोन वर्षांपूर्वी याच क्लबवर एकाच्या पिस्तुलाची स्लाइड याच कोपऱ्यातून तडकली होती. मी ती हातात घेऊन पाहिली होती. त्यावर वेगळं नाव होतं.

इथे नावं लिहीत नाही. ते ना-१, हे ना-२.

अभिनंदन करून परत दिलं. त्याचा दिवस होता.

मंगळ. १६

दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून पाहिले. मापं जुळतात. पण फोटोत पोलादाला दिलेलं पाणी दिसत नाही. ना-२ मध्ये सुधारणा केलीही असेल. कोपरा मात्र सुधारलेला नाही.

आणि खोटं का लिहू, स्वस्त आहे म्हणून टाकाऊ नाही. बॅरल बरं आहे. नेम तर माझ्या महागड्यापेक्षा चांगला लागतो.

विकणाऱ्याला फोन केला. 'ना-२ ची एकही कम्प्लेंट नाही.' खरंच सांगतो तो. नावच आत्ता जन्मलंय. ना-१ बद्दल विचारलं. 'डिफरंट प्रॉडक्ट.' कारखाना एकच का? 'त्याबद्दल बोलू शकत नाही, सॉरी.' शेवटी 'हॅव अ गुड वन' म्हणाला.

रवि. २१

फ्लॅट बुशला दादाकडे जेवायला. आई मायदेशातून येऊन दोन महिने झाले, त्यामुळे पुरण. जेवण झाल्यावर दादाला सांगितलं. स्लाइड तुटली तर तुकडा कुठे जातो तेही सांगितलं. मागे. तोंडाकडे.

'रेवा, तू ऑफिसात "रे" आहेस ना? नाव बदललं म्हणून तुला कुठे तडा गेला?'

'मी जुनं रेकॉर्ड लपवत नाही.'

आई भांडी आवरता आवरता म्हणाली, 'हिला वहिनीच्या शालूतसुद्धा निसटलेला धागा दिसला होता. भर मांडवात.'

'निसटलाच होता.'

वहिनी हसली. दादा नाही. 'इथे आल्यापासून एक गोष्ट माझ्यासाठी घेतलीय, रेवा. एक.'

मी उठून भांडी पुसायला घेतली.

निघताना आई : 'घरात शस्त्र आलंय, तर दसऱ्याला पूजा करू.' ते तिजोरीत बंद ठेवायचा कायदा आहे म्हटलं. 'मग काय तिजोरीला हळदकुंकू वाहू?'

बुध. २४

बॉसला विचारलं, आमच्या लॅबमध्ये यंत्रांच्या भागांतले तडे शोधतो त्या चुंबकी चाचणीवर एक स्लाइड तपासू का. नाही. शस्त्राचा कुठलाही भाग इमारतीत आणायचा नाही. त्याच्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं.

क्लबवर रेंज बघणाऱ्या बॅरीला फोन. त्याला ना-१ ची ती स्लाइड आठवते. पण 'दुसऱ्या पिस्तुलात दोष होता म्हणून हे बंद करता येत नाही, लव्ह. तडा दाखव, लगेच थांबवतो.'

रास्त आहे. सगळेच रास्त बोलतात.

गुरु. २ ऑक्टो., दसरा

दादाने पिस्तूल उघडून फक्त स्लाइड पाटावर ठेवली. बाकीचं तिजोरीत. शेजारी वहिनीचा स्टेथोस्कोप, माझं व्हर्निअर. आई वाटीत कुंकू कालवायला लागली तसा दादा ओरडला, 'पाणी नको, गंजेल!'

'मग तेलात कालवते. हे तुझंच आहे ना?' पिस्तुलाच्या तेलाची बाटली उचलून तिने वाटीत ओतलीच. पातळ तेल, गडद कुंकू. बोटाने लावायला गेली आणि ओघळ खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत गेला.

'उद्यापर्यंत पुसायचं नाही हं.'

म्हणून दादाने स्लाइड तशीच, कुंकवासकट, फुलासकट, तिजोरीत ठेवली. व्हर्निअरवरचा ठिपका मी घरी येऊन पुसला.

शुक्र. ३

दुपारी कामात होते आणि लक्षात आलं. लॅबमध्ये आम्ही नेमकं हेच करतो. लाल पातळ द्रव लावायचा, मुरू द्यायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर. तडा असेल तर आत गेलेला रंग वर येतो.

सुटल्यावर थेट फ्लॅट बुश. दादा स्लाइड पुसून बसला होता, चकाचक. आईचा टाल्कचा डबा मागितला. कोपऱ्यावर भुरभुरवला. थोडं थांबलो.

लाल रेघ आली. केसासारखी, कोपऱ्यातून तिरपी. नखाएवढीही नाही.

आई आधी बोलली. 'अगं बाई.'

दादा : 'ओरखड्यात कुंकू अडकलंय. तूच म्हणालीस ना, मशीनचे ओरखडे आहेत म्हणून?'

असू शकतं. वरच्या लेपाची चीरही असू शकते. मला तसं वाटत नाही. पण 'वाटत नाही' हे माप नाही.

'रविवारी माझी पहिली मॅच आहे. कुंकवाचा रिपोर्ट नेऊन लावू बोर्डावर?'

म्हटलं, उद्या खरी चाचणी करते, माझ्या खर्चाने, तुझ्या गॅरेजमध्ये. जरा विचार करून 'कर' म्हणाला. 'पण मग जे निघेल ते मान्य करायचं. दोघांनी.'

हो म्हटलं.

शनि. ४

लाल स्प्रे, पांढरा स्प्रे, सगळं नियमाने. दादा शेजारी उभा राहून बघत होता.

काही निघालं नाही. पांढरं स्वच्छ.

तेव्हा कळलं मी काय केलंय. तडा आधीच भरलेला असेल तर नवा रंग आत जात नाही. आईचं तेल-कुंकू आतच बसलंय. मी धुतलं, पण अशी खोलवरची चीर गॅरेजमध्ये धुऊन निघत नाही. हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते : आधी भाग कोरडा आणि रिकामा हवा, नाहीतर 'काही नाही' याचा अर्थ काहीच नाही.

चुंबकी चाचणीला तेलाने फरक पडत नाही. ती आमच्या लॅबमध्ये, कुलपाआड.

हे सगळं दादाला सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग : 'म्हणजे लाल आलं तर तडा, आणि नाही आलं तरी तडा?'

बाहेरून बघितलं तर तसंच दिसतं.

त्याने माझ्यासमोर बॅरीला फोन लावला. 'माय सिस्टर टेस्टेड इट. क्लीन.' पलीकडून बॅरी, 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे झकास. फोन मागून घेतला, बॅरीलाही समजावलं. 'तडा दिसला का आज?' नाही म्हटलं.

रवि. ५

क्लबच्या पार्किंगमध्ये, गाडीत. जेवणाची सुट्टी. 

सकाळी दादाला माझा सुरक्षेचा चष्मा दिला, जाड काचेचा. निमूट घातला. तेवढंच ऐकलं.

सकाळच्या फेऱ्या झाल्या. चांगला खेळला. खरंच चांगला. शेवटच्या फेरीनंतर पिस्तूल रिकामं करून स्लाइड मागे अडकवून टेबलावर ठेवलं, आणि मी मागून पाहिलं. कोपऱ्यात लाल रेघ. लोखंड तापलं की आतलं तेल बाहेर येतं. ओरखड्यातलं कालच धुतलं गेलं असतं.

'दादा, हात लावू नकोस. बॅरी!'

त्याने वाकून बघितलं आणि अंगठ्याने पुसली. मुद्दाम नाही. आपण कपाळावरचं ओघळलेलं पुसतो तसं. 'आईचं कुंकू आहे अजून,' म्हणाला. खूश होऊन.

बॅरी आला. आपला चष्मा वर करून, खाली करून बघितलं. टॉर्च लावला. पुसलेलं, काळं, कोरडं. 'मला काही दिसत नाही. तुला दिसलं?' दिसलं म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग दादाकडे. 'तुझं पिस्तूल आहे, मेट. तू ठरव.'

दादाने आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

आता शेजारच्या सीटवर बसलाय. आईने दिलेला डबा मांडीवर, उघडा. खात नाही. मी काय लिहितेय तेही विचारत नाही. मघापासून उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासतोय, पुन्हा पुन्हा, आणि बघतोय. जात नाहीये.

आत हाक मारतायत. त्याचं नाव पहिलं आहे. चष्मा डॅशबोर्डवर राहिलाय, तो उतरून निघालाय, मी चष्मा घेऊन मागे धावते.