डबीभर छर्रे

संभाजीनगर,
१० फेब्रुवारी २०२६

ती. द्वारकाआत्या,

सा. न. वि. वि. स्पर्धा होईपर्यंत आमच्या वसतिगृहातल्या सगळ्या मुलींचे मोबाईल नेमबाजीच्या सरांच्या कपाटात, म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस.

मी ठणठणीत आहे, पण माझ्या एअर रायफलीची उपासमार चालू आहे. आमचे छर्रे परदेशातून येतात आणि दोन महिने झाले, मालच आलेला नाही. बाराशेची डबी परवा दुकानदाराने अडीच हजाराला सांगितली, तीही आली तर! सर प्रत्येकीला रोज दहाच छर्रे देतात. बाकी वेळ रिकामी रायफल धरायची, श्वास रोखून चाप ओढायचा आणि मनात ठो म्हणायचं. काल माझ्या शेजारची निलम मोठ्यानेच ठो म्हणाली. अख्खी रांग हसून आडवी झाली, सरसुद्धा भिंतीकडे तोंड करून हसले.

पण हसू ओसरलं की मी कॅलेंडर मोजायला लागते. २८ मार्चला पुण्यात राज्य स्पर्धा आहे. राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेचे गुण यंदा मिळाले नाहीत तर रायफल बंद आणि नर्सिंगला नाव, हे पप्पांनी बजावलंय. त्यांना छर्ऱ्यांचं कळू देऊ नकोस. तू फक्त औंढ्याच्या नागनाथाला माझ्यासाठी हात जोड.

तुझी लाडकी (हे तूच म्हणतेस),
प्रतिक्षा

जवळा बाजार,
१८ फेब्रुवारी

चि. प्रतिक्षास द्वारकाआत्याचे ओंजळभर आशीर्वाद.

तुजं पत्र आलं तवा मी शेरडं सोडून राहिले होते. वाचता वाचता दोन शेरडं शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेली, ते भांडण अजून चालू हाये.

हात जोडून छर्रे भेटले असते तर मंग काय पाह्यजे होतं! तरी शिवरातीला औंढ्याला गेले, दर्शन घेतलं, आन तिथून बराबर जत्रंतल्या फुगे फोडायच्या बंदुकवाल्यापाशी. त्याला म्हनलं, तुज्याकडचे छर्रे दे, माज्या भाचीची राज्याची स्पर्धा हाये. तो म्हने, बाई, भाव वाढल्यापासून मीच मोजून मोजून देऊन राहिलो. लईच मागं लागले तवा म्हनला, आधी तीन फुगे मारून दाखव. माजे पयले दोन बार कुठं गेले ते नागनाथालाच ठाऊक. तिसऱ्यानं फुगा फुटला, पन नेम धरला होता त्याच्या शेजारचा! मान्सं टाळ्या वाजवू लागली. त्यानं हसत हसत मूठभर छर्रे दिले. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून धाडले हायेत. पिऊ नको.

भावाला म्या काही सांगत न्हाई. जिवाला जप, आन आत्यावर माया राहू दे.

द्वारकाआत्या

संभाजीनगर,
२५ फेब्रुवारी

ती. आत्या,

सा. न. वि. वि. बाटली पोचली. सरांनी एक छर्रा तळहातावर घेऊन विचारलं की हे हुलगे कुणी पाठवले. आत्या, हे रायफलीत घातले तर नळीच खराब होईल. आमचे छर्रे चपट्या तोंडाचे, कमरेत बारीक आणि एकाच मापाचे असतात, केसाइतका फरक चालत नाही. तरी वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या फुग्याची गोष्ट मी तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा मुलींनी परत सांगायला लावली.

आता रोज पाचच छर्रे मिळतात. आज त्यातले दोन वाया गेले. एवढंच लिहिते.

तुझी प्रतिक्षा

जवळा बाजार,
५ मार्च

चि. प्रतिक्षास आत्याचे आशीर्वाद, आन ह्या बारीला खरे छर्रेबी!

आता नीट बसून वाच. पिठाच्या गिरणीवर मी तुजं पत्र बायांना वाचून दाखवून राहिले होते. कमरेत बारीक म्हनताच साऱ्या हसल्या. एकटी सुकन्या हसली न्हाई. ती आपल्या शकुंतलाबाईची सून, परभणीची. तिनं हळूच इचारलं, मापात साडेचार मिलीमीटर का? मी म्हनलं, तुला काहून ठाऊक? तर पोरीचे डोळेच भरले. लग्नाआधी ती बी तुज्यावानीच रायफल चालवायची, बाई! सासरी कोनाला सांगितलंच न्हाई. सहा वर्सं तिच्या ट्रंकेत साड्यांखाली तीन डब्या कोऱ्या पडून होत्या.

दोन डब्या तुला दिल्या, पैशाचं नावबी काढू देईना. तिसरी खोलून नुसती बघत बसली. मंग मला म्हने, मला बी जाता येईल का? हिंगोलीकडून बायांच्या गटात कोनीच नव्हतं, मी तुज्या सरांना फोन केला आन तिचं नाव लागलं. शकुंतलाबाई दोन दिवस बोलल्या न्हाईत. लेकराला कोन पाहील, नेम धरून कोनाचं भलं झालं, असं भिंतीला सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हने, मी बी येते पुण्याला, बघते तरी हे काय सोंग हाये.

तिची ओळख ठेव. दोघी मिळून मारा.

द्वारकाआत्या

पुणे,
२९ मार्च

ती. आत्या,

सा. न. वि. वि. आधी माझं सांगून टाकते, नाहीतर तू शेवटची ओळ आधी वाचशील. पात्रतेला ६१९ लागत होते, मला ६१९.४ मिळाले! साठ छर्ऱ्यांत मिळून नखाएवढे जास्त. पप्पांना फोन केला, तर पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

दुसऱ्या पाळीत सुकन्याताई माझीच रायफल घेऊन उभी राहिली. पहिले दहा छर्रे कुठेही गेले. तिने रायफल खाली ठेवली, स्वतःशीच हसली आणि परत उचलली. काचेमागे शकुंतलाकाकू नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती माझी सून हाये म्हणून सांगत होत्या. दोनदा त्यांना गप्प बसा म्हणून सांगावं लागलं. ताईचा नंबर खालून चौथा आला. पण साठावा छर्रा अगदी मधोमध बसला आणि पडद्यावर १०.९ उमटलं.

काकूंनी मला तावातावाने विचारलं की अकरा काहून न्हाई दिले, ह्यांनी आमच्या पोरीचे गुण मारले का. मी समजावलं की १०.९ च्या वर गुणच नसतात, जगात कुणालाही नाही. मग त्या पदर सावरून ताईला म्हणाल्या की पुढच्या बारीलाबी एवढेच आण, लेकराला मी पाहते.

तुझी पात्र ठरलेली,
प्रतिक्षा