तोल घराचा की माझा

प्रिय नोरीन,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? कोंबड्या अंडी देतात की नुसत्या बसून खातात, तुझ्या नवऱ्यासारख्या? (हे त्याला वाचून दाखवू नकोस.) मी ठणठणीत आहे, आणि हे रीत म्हणून लिहीत नाही, पुरावा आहे.

तुला ठाऊकच आहे, मार्चपासून आपल्या डेसमंडने माझ्यामागे लकडा लावला होता. "आई, तू डावीकडे कलतेस. एक दिवस पडशील." त्या पोराने (वय वर्षं छप्पन्न) वृद्धाश्रमात खोलीसुद्धा बघून ठेवली. खिडकीतून दिसतं काय, तर मोटारी लावायची जागा. मी म्हटलं, "मेल्या, मी नाही कलत, घर कलतंय." खोटं काय होतं त्यात? आर्थरने मला लग्न करून आणलं तेव्हाचेच लाकडी खुंट अख्खं घर खालून पेलत होते, त्यातले निम्मे वाळवीने खाल्लेले. केक भाजला की एका बाजूला दोन बोटं उंच. वाटाणा सांडला की डावीकडच्या ओसरीवर सापडायचा. (मी शोधत बसत नसे, तिकडे जाऊन उभी राहत असे.) शेवटी असं ठरलं, की नवे खुंट घालायचे आणि मग मी काठोकाठ भरलेला कप घेऊन स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत चालायचं. थेंब सांडला तर सोमवारी मुकाट्याने त्या खोलीत.

मग केल आला. अख्ख्या जिम्पी गावातल्या घरांचे खुंट बदलून म्हातारा झालेला माणूस, बोलतो कमी आणि चहा पितो फार. त्याने जॅक लावून घर इंचाइंचाने उचललं. सगळे म्हणाले, शेजारी जाऊन बस. मी जाते होय? ज्या घरातून मला काढायला निघालेत ते मी आपण होऊन सोडू? ओसरीवर खुर्ची टाकून विणत बसले. घर कण्हत होतं, कपाटातल्या बश्या वाजत होत्या, आणि खरं सांगते, मी टाके चुकत होते.

"एल्व्हीबाई, उतरा की खाली," केल खालून ओरडला.

"तू चढव वर," म्हटलं.

चार दिवसांत बेचाळीस लोखंडी खुंट उभे राहिले. शुक्रवारी घर पाणसळीत आलं, आणि एकही दार लागेना! आर्थरने तीस वर्षं ती वाकड्या घराच्या मापाने रंधा मारून बसवली होती ना.

रविवारी डेसमंड आला. कप त्याने स्वतः भरला, मेल्याने बशीसुद्धा दिली नाही. मी चालले. नोरीन, अठ्ठावीस पावलं, आणि एक थेंब नाही. दाराशी पोचून तो चहा त्याच्या देखत पिऊन टाकला. त्याचे डोळे भरून आले. "चुकलं माझं, आई," म्हणाला. मलाही भरून आलं, पण त्याला म्हटलं, नाक पूस आणि खोलीवाल्यांना फोन कर. त्याने केला. मी शेजारी उभी राहून ऐकला.

तुझी,
एल्व्ही

ता. क. ईस्टरला आठवडाभर राहायला ये. नाही म्हणू नकोस.

ता. क. २. आल्यावर पहिले दोन दिवस गरगरल्यासारखं वाटेल. त्याचं असं आहे, शनिवारी मी सरळ झालेल्या घरात तीनदा चालून बघितलं, तर तिन्ही वेळा चहा भिंतीवर. साठ वर्षांची सवय, पाय ऐकेचनात. नव्या खुंटांना डोक्याशी आटे असतात म्हणे. केलने पाना घेतला आणि डावीकडची ओळ होती तेवढी खाली उतरवली. दारंसुद्धा लागली. तेव्हा डेसमंडसमोर भिंत धरावी लागली तर रक्तदाबाचं नाव सांग. तुझा रक्तदाब घरात सगळ्यांना माहीत आहे, कुणी संशय घेणार नाही.