आत्याच्या दोन माशीमार माद्या

तीर्थस्वरूप आत्यास,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे सध्या निमूट वागत असतील अशी आशा आहे. ऐंशी उलटली तरी तू बिनचष्म्याने सुईत दोरा ओवतेस, हे बाबा येईल त्याला ऐकवतात. बाबा ठीक आहेत. आज सकाळपासून स्वतःचा चष्मा शोधत घरभर फिरतायत, तेवढाच व्यायाम.

संग्रहालयातलं तुझं पेंढा भरलेल्या पक्ष्यांचं कपाट अजून माझ्याच ताब्यात आहे (नोकरीला तूच चिकटवलंस, तेव्हा पुढचं शांतपणे वाच). सोमवारी नवे साहेब आले आणि म्हणाले, माशीमारांच्या त्या दोन जाती शेजारीशेजारी मांडा, तुलना करायचीय. नरांचं सोपं आहे. एकाच्या मानेला पांढरा पट्टा सगळीकडून फिरतो, दुसऱ्याची मान मागून काळीच. माद्या मात्र दोन्हीकडच्या सारख्याच मातकट. तू चाळीस वर्षांपूर्वी त्या वेगळ्या ओळखल्यास, त्यावर लेख लिहिलास, आणि आपल्या घराण्याच्या नावावर छापील असं तेवढंच आहे (बाबांची तक्रारपत्रं सोडली तर).

साहेबांनी भिंग काढलं, माद्यांच्या मानेवर हलकेच फुंकर मारली. एकीची पिसं मुळाशी पांढरी, म्हणजे ती पट्टेवाल्याची; दुसरीची करडी. मग त्यांनी पायांना बांधलेल्या तुझ्या हातच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाले, "बाईंनी चक्क उलटं लिहिलंय हो!" आता तुझा लेख चुकला असं ते छापणार आहेत. माणूस सभ्य आहे, आधी तुला भेटून सांगणार. रविवारी येतील. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी जेवणही गेलं नाही (संध्याकाळचं, दुपारचं आधीच झालं होतं).

तुझा,
बराचसा आज्ञाधारक भाचा

ता. क. : चूक तुझी नाही. ट्रे ओढताना माझी बाही अडकली, दोघींच्या चिठ्ठ्या सुटल्या आणि मी त्या अंदाजाने बांधल्या. साहेबांना हे कळलं तर माझी नोकरी गेलीच. तुझ्या नावाला बट्टा लागतोय हे बघवत नाही, पण तोंड उघडायचा धीरही होत नाही. खरं काय ते साहेबांना सांगायचं असेल तर तूच सांग, मी रागावणार नाही.

आणखी एक ता. क. : सांगणार नसशील तर एक कर. आत्याची नजर तेव्हापासूनच अधू होती, असं मी साहेबांना बोलून बसलोय. रविवारी ते असेपर्यंत सुई-दोरा आत ठेव. सोबतच्या डब्यात बाबांचा चष्मा आहे.