पाण्याचं नातं

लिंडेवेर, सेंट बावोच्या सणाचा दुसरा दिवस, सन १३७१

ति. गिलिसदादास,
आलेटचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र लोकरीच्या गाडीवाल्याने आणून दिलं, पण पावसात भिजवून. दाढ दुखते एवढंच वाचता आलं, बाकी शाई पसरली. दाढेखाली लवंग धर आणि कचेरीतले ते खारे मासे थोडे कमी खा. सोबत चीज आणि लोकरीचे पायमोजे धाडते आहे. गेल्या वर्षीचे पायमोजे तू कुणाला देऊन टाकलेस ते मला गाडीवाल्याकडून कळलं आहे, त्यामुळे हे तरी स्वतः घाल.

इकडे ठीक आहे. जव चांगला आला. माझ्या बिअरला आता पलीकडच्या मठातूनही मागणी येते. मठात स्वतःची भट्टी असताना साधूंनी माझी बिअर प्यावी, यात माझं कौतुक किती आणि त्यांच्या भट्टीची नालस्ती किती, ते तूच ठरव.

आता खरी बातमी. पिंपं करणारा वाउटर तुला आठवत असेल, आपल्या भट्टीसमोर ज्याचं दुकान आहे. त्याची बायको बेला बाळंतपणात गेली, पोरही गेली, त्याला येत्या सेंट कातरिनाच्या सणाला दोन वर्षं होतील. गेल्या महिन्यात तो माझ्या दारात उभा राहून ओकच्या फळ्यांविषयी बोलत होता. फळी नीट वाळू द्यावी लागते, घाई केली की पिंप गळतं, वगैरे. मी म्हटलं, मला कशाला सांगतोस, मी काय पिंपं करणार आहे? तर म्हणाला, की दोन वर्षं वाळवली, आता विचारायला हरकत नसावी. मला समजायला वेळ लागला, दादा. चौतीस वर्षांची झाले. या दारात कुणी असं विचारायला येईल ही आशा मी केव्हाच सोडली होती. मी लगेच हो म्हटलं. उगाच आढेवेढे घेण्याचं माझं वय नाही.

नाताळाआधीचे उपास लागले की लग्नं होत नाहीत, म्हणून त्याच्या आत उरकायचं ठरलं. गेल्या रविवारी फादर पाउवेल्सनी, लग्नाला कुणाची हरकत आहे का हे विचारण्यासाठी, चर्चमध्ये आमची नावं पहिल्यांदा पुकारली आणि मध्येच अडखळले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, की बेलाच्या पोरीला बाप्तिस्मा तूच दिला होतास ना? मी म्हटलं, हो, तुम्ही त्या दिवशी गावात नव्हतात, पोर जाईल असं दिसलं, सुईणीने सांगितलं आणि मी पाणी घातलं. तर म्हणाले, मग या लग्नाला अडचण दिसते, बिशपच्या कचेरीला विचारावं लागेल. तांब्याभर पाण्याची कसली रे अडचण? तू तिथेच नोंदी लिहायला बसतोस, तर नीट विचारून कळव. आणि माझ्या नावामागे "चि."ऐवजी "सौ." लिहायचा सराव सुरू कर.

तुझी माया आहे तशीच असू दे.
तुझी,
आलेट


सेंट लूकचा सण, १३७१

चि. आलेट हिस,
गिलिसचे अ. उ. आ.

"सौ." लिहायला लेखणी उचलली होती, पण कचेरीत बसणाऱ्याने घाई करू नये. पायमोजे पोचले, पायातच आहेत. चीज अर्धं वरिष्ठ कारकुनाने खाल्लं.

फादर पाउवेल्सचा अर्ज आला आणि नेमका माझ्याच टेबलावर आला. कायदा सांगतो तसा सांगतो. बाळाला जो पाणी घालतो, तो त्या बाळाचा धर्माने आईबाप होतो. म्हणजे बेलाच्या काटलाइनची तू आई झालीस, आणि तिचा बाप तुला भावाच्या जागी आला. भावाशी लग्न होत नाही. कचेरी हे नातं रक्ताच्या नात्याइतकंच पक्कं धरते. न्यायाधीश त्याला लांबलचक लॅटिन नाव देतात. मी मनात पाण्याचं नातं म्हणतो. पोपकडून सूट मिळते असं ऐकतो, पण ती राजेरजवाड्यांना. पिंपवाल्याचा अर्ज तिथवर पोचायच्या आधी तुम्ही दोघंही म्हातारे व्हाल.

एक गोष्ट मात्र आहे. बाप्तिस्मा झालाच नसेल, तर नातंही नाही. शब्द चुकले असतील, किंवा पाण्याऐवजी दुसरंच काही घातलं असेल, किंवा पाणी पडण्याआधी बाळ गेलेलं असेल, तर तो बाप्तिस्मा नव्हे. मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही. त्या खोलीत तेव्हा ट्रूदे सुईण होती, ती गेल्या हिवाळ्यात वारली. बेला गेली. म्हणजे आता तुझाच शब्द उरतो. कचेरी तो शपथेवर मागेल. तेव्हा काय झालं ते शांतपणे आठवून मला लिही. काय आठवायचं हे मी सांगणार नाही. तू मुळातच इतकी हुशार, की लहानपणी माझ्या वाटचं सफरचंद खाऊन मलाच पटवून द्यायचीस की मी ते खाल्लं.

लोभ कमी होऊ देऊ नये.
तुझा भाऊ,
गिलिस


लिंडेवेर, सर्व संतांच्या सणाच्या आदला दिवस

ति. गिलिसदादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून झाल्यावर जाळून टाक.

आठवायला शांत बसावं लागलं नाही, कारण ते मी कधी विसरलेच नव्हते. दुपारची वेळ होती. वाउटर फादरना आणायला पलीकडच्या गावी धावला होता. ट्रूदे बेलाचं रक्त थांबवण्यात गुंतली होती. पोर बाहेर आली तशी तिने ती माझ्या हातात दिली, वळून पाहिलंसुद्धा नाही, नुसतं ओरडली की पाणी घाल. मी पाणी घातलं. शब्द सगळे बरोबर म्हटले, त्या दिवशी सेंट कातरिनाचा सण होता, म्हणून तिच्यावरून काटलाइन नाव दिलं. पण पोर निळी होती, दादा. तिने एकदाही श्वास घेतला नाही. मी तिच्या छातीला कान लावला, पाठीवर थापट्या मारल्या, काही नाही.

रक्त गेल्यामुळे बेलाच्या कानात तेव्हा नुसती गुणगुण चालू असावी, बाहेरचं काही ऐकू येत नसावं. तिने विचारलं, की रडली का? मी म्हटलं, हो, दोनदा रडली. ती हसली. वाउटर परत आला तेव्हा तिने स्वतः त्याला सांगितलं की पोर दोनदा रडली, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेआधी बेला गेली. फादरनी मला शब्द तीनदा म्हणायला लावले आणि विचारलं की पोरीत जीव होता ना? बेलाला एक आणि त्यांना एक सांगायचं, हे माझ्याने झालं नाही. दोघींना एकाच कफनात, पोरीला आईच्या कुशीत देऊन चर्चच्या आवारात पुरलं.

तेव्हा तुझ्या कायद्याने बाप्तिस्मा झाला नाही, होय ना? नातं नाही. तुझं पत्र वाचून मी भट्टीत जाऊन रडले, पण ते दुःखाचं रडणं नव्हतं. दोन वर्षं ते खोटं माझ्या छातीवर बसलं होतं, आणि आता खरं बोलावं तर त्याचं बक्षीसच मिळणार. असं माझ्या बाबतीत आजवर घडलेलं नाही. खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून फादर सांगतील तितके दिवस मी भाकरी-पाण्यावर राहीन. सांगू ना त्यांना? तू हो म्हण, की मी निघाले.

उत्तराची वाट पाहते आहे. माया असावी.
आलेट


सेंट मार्टिनचा सण, १३७१

चि. आलेट हिस,
अ. उ. आ.

पत्र शेगडीपर्यंत नेलं, जाळवलं नाही. गादीच्या शिवणीत घातलं आहे. ते मी भाऊ म्हणून वाचलं, कारकून म्हणून नाही.

तू म्हणतेस ते बरोबर आहे. हे शपथेवर सांगितलंस, तर लग्नाला काही आडवं येत नाही. पण कायद्याच्या पानाला दुसरी बाजू असते, आणि ती मी मागच्या पत्रात लिहिली नाही, कारण असं काही निघेल हे मला वाटलंच नव्हतं. ती चूक माझी. बाप्तिस्म्याशिवाय गेलेलं बाळ पवित्र भूमीत राहू शकत नाही. कबर उघडावी लागते. बाळाला आईजवळून काढून आवाराबाहेर, ओढ्याकडे, फाशी गेलेल्यांना पुरतात तिथे ठेवतात. मग बिशपचा माणूस येऊन आवार पुन्हा पवित्र करतो, आणि तोवर गावात कुणालाही पुरता येत नाही.

असे दोन हुकूम मी माझ्या हाताने लिहिले आहेत. एकदा नोंद करायला जागेवरही गेलो होतो. काम मोठं नसतं. दोन माणसं, एक फावडं, सकाळी सुरू केलं की जेवणवेळेपर्यंत उरकतं. त्या बाळाचा बाप कुंपणाशी उभा होता. त्याने शेवटपर्यंत टोपी डोक्यावर घातली नाही. मी त्या दिवशी जेवलो नाही, आणि तुला ठाऊक आहे की मी सहसा जेवण सोडत नाही.

सेंट निकोलासच्या सणाला फादर पाउवेल्स दोन साक्षीदारांसमोर तुला विचारतील. तुझं लग्न व्हावं असं मला फार वाटतं. तुझ्या भट्टीत एकटीचा चमचा, एकटीचं ताट मी दर वेळी पाहतो. पण काय सांगायचं ते मी सांगणार नाही. हवं तर वाउटरशी बोल. पोर त्याची आहे.

जपून राहा. तू काहीही सांगितलंस तरी माझी माया सारखीच राहील.
गिलिस


लिंडेवेर, सेंट निकोलासच्या सणाचा दुसरा दिवस

ति. गिलिसदादास,
सा. न. वि. वि.

उत्तर लवकर लिहिलं नाही, राग धरू नकोस.

वाउटरला सांगायला मी गेले होते. तो पिंपात आग पेटवून फळ्या वाकवत होता. अशा वेळी तो बोलत नाही, म्हणून मी थांबले. लोखंडी कडं बसल्यावर तो आपणहून बोलायला लागला. म्हणाला, की फादर नाही म्हणाले तर नाही, दुसरं काय करणार. पण लोक त्याला म्हणतात, की पोर जगात आलीच नाही असं समज आणि सोडून दे, तेव्हा तो मनात एकच धरून ठेवतो, की ती आली होती, दोनदा रडली होती. मग त्याने मला विचारलं, की आवाज कसा होता? दोन वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बारीक होता, नव्या दाराची बिजागरी वाजते तसा. तो म्हणाला, बेलाचाही तसाच होता. मी घरी आले.

काल चर्चमध्ये ग्रंथावर हात ठेवून मी सांगितलं, की पोरीत जीव होता आणि ती दोनदा रडली. फादरनी शब्द विचारले, ते म्हटले. साक्षीदारांपैकी एक हळहळून चुकचुकला. एवढंच झालं. एका पोरीच्या डोक्यावर पाणी घातलं आणि आपल्या लग्नावर पाणी सोडलं, दोन्ही एकाच तांब्यातून. शपथेवर खोटं बोलले, ते पाप मी कुणाजवळ कबूल करू शकत नाही, कारण फादरना सांगितलं तर फावडं निघेल. ते मी आणि देव पाहून घेऊ. मला वाईट वाटतं, खूप वाटतं. पण ओढ्याकडे पाहिलं की थोडं कमी होतं.

तुझ्या नोंदीत नीट अक्षरात लिही. मला ठाऊक आहे, तुला हात थरथरल्याचं निमित्त करता येईल. करू नकोस.

लोभ असावा, आणि गादी कुणाला देऊन टाकू नकोस.
आलेट


सेंट लुसीचा सण, १३७१

चि. आलेट हिस,
अ. उ. आ.

नोंद केली. काटलाइन, बाप वाउटर पिंपवाला, आई बेला, जिवंत जन्मली, दोनदा रडली, बाप्तिस्मा आलेट हिच्या हातून, सबब विवाहास मनाई. न्यायाधीशांनी न वाचता मोहोर लावली. हात थरथरला नाही. दाढ काढून टाकली आहे, सध्या पेजेवर आहे. नाताळाला येतो. माझ्यासाठी मऊ पाव ठेव.

माया आहेच.
गिलिस


लिंडेवेर, मेणबत्त्यांच्या सणाचा दिवस, १३७२

ति. गिलिसदादास,
सा. न. वि. वि.

तू आलास, बरं झालं. तू गेल्यावर पाव उरला, तो बदकांना घातला. आज सगळं गाव मेणबत्त्या घेऊन चर्चला गेलं. मी दोन लावल्या.

वाउटरला फादरनी बजावलं आहे, की आता आलेटला नावाने हाक मारायची नाही, नात्याने मारायची. तो कायदा पाळणारा माणूस आहे. परवा समोरून मोठ्याने ओरडला, की काटलाइनच्या आई, तुमचं पिंप तयार आहे. मी मागे वळून पाहिलं, की कुणाला बोलावतो आहे. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. काल पुन्हा ओरडला.

तुझा "सौ." आता राहू दे, दादा. "चि."च बरं आहे. आणि त्या हाकेला मी आता ओ देते.

तुझी,
आलेट