फ्लॅश पडला होता का

८ सप्टेंबर, सोमवार

इंदूचं अष्टमीचं गाणं बंद करायचं म्हणतात! सव्वीस वर्षं माझी बायको नवरात्रातल्या अष्टमीला देवीसमोर जोगवा म्हणते आहे. आता एका फोटोवरून तो मान काढून देवळाच्या मंडळातल्या अन्नपूर्णाबाईंच्या सुनेला द्यायचा बेत आहे.

झालं असं – काल सकाळी गंगेकाठच्या गल्लीतल्या आमच्या देवळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर देवीचा फोटो आला. गाभाऱ्यातला, अगदी जवळून घेतलेला. पाठवणारी इंदू. चुकून गेला म्हणते. अन्नपूर्णाबाईंचं म्हणणं, मी तिथेच डोळे मिटून जप करत होते आणि मिटल्या डोळ्यांना लख्ख उजेड दिसला. म्हणजे फ्लॅश मारला. आणि गाभाऱ्याबाहेर हिंदीत पाटी आहे – 'फ्लैश वर्जित है'.

पण पाटीवर फोटो वर्जित असं नाहीच! पंधरा वर्षांपूर्वी पेंटरला कुणीतरी तेवढंच सांगितलं आणि त्याने तेवढंच रंगवलं. देवळाचे सचिव देवव्रत मास्तर, आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, ते म्हणाले की नियम जसा लिहिलाय तसाच वाचायचा. फोटो काढला हा अपराध नाही. फ्लॅश पडला असेल तर मात्र आहे. रविवारी बैठक.

इंदू म्हणते, पडला असेल, जाऊ द्या.

जाऊ द्या!

९ सप्टेंबर

बंगलोरला ईशानीला फोन केला. लेक कंप्युटरवाली आहे याचा आज पहिल्यांदा घरात उपयोग झाला. ती म्हणाली, बाबा, प्रत्येक फोटोच्या पोटात माहिती असते – कुठला फोन, किती वाजता, फ्लॅश पडला की नाही. एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात सगळं दिसतं.

मी चौतीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली. लेबलाशिवाय पार्सल नसतं. त्यामुळे मला हे चटकन कळलं.

संध्याकाळपर्यंत लॅपटॉपवर सॉफ्टवेअर बसवलं. ग्रुपवरचा फोटो त्यात टाकला. फ्लॅशच्या पुढे काहीच नाही. सगळेच रकाने रिकामे. ईशानी म्हणाली, व्हॉट्सॲप वाटेत लेबल काढून टाकतं. मूळ फोटो हवा, आईच्या फोनमधला.

इंदू फोन द्यायला तयार नाही. पदराखाली धरून बसली आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

फोन मिळाला. ती आंघोळीला गेली तेव्हा घेतला. बरं केलं नाही, पण वेळच तशी आहे.

तार जोडून सगळे फोटो लॅपटॉपवर उतरवले. देवीचा फोटो उघडला. आणि फ्लॅशच्या रकान्यात काय, तर – फायर्ड, म्हणजे पडला. कंपल्सरी मोड. रिटर्न लाइट नॉट डिटेक्टेड.

लॅपटॉप बंद केला. चहा घेतला. परत उघडला. तेच.

१२ सप्टेंबर

इंदूला सांगितलं. "बरं," म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

१४ सप्टेंबर, रविवार

बैठक झाली. काय लिहू!

अध्यक्ष आमचा दादा. रत्नाकरदादा देवळाचा पुजारी आहे, आणि पितृपक्ष चालू म्हणून रामघाटावर त्याची एकामागून एक श्राद्धं. दोन श्राद्धांच्या मधे ओल्या धोतरानेच आला. मी लॅपटॉप सभामंडपात चौरंगावर ठेवला. जाताना एका यात्रेकरूने त्याला हात जोडले.

खोटं बोलायचं नाही असं मी ठरवून गेलो होतो. 'फायर्ड' वाचून दाखवलं. अन्नपूर्णाबाई उठल्याच, झालं म्हणून. पण मास्तरांनी बसवलं. म्हणाले, पुढचा शब्द कंपल्सरी आहे. अनिवार्य. जे अनिवार्य होतं ते इंदूबाईंनी केलं असं कसं म्हणायचं? सक्ती कोणी केली ते आधी ठरवा. यावर अर्धा तास गेला. सक्ती फोनने केली, फोन इंदूचा, म्हणून सक्ती इंदूची – असं अन्नपूर्णाबाई. फोन ईशानीने दिलेला, म्हणून ईशानीला बोलवा – असं दुसरं कुणी.

मग 'रिटर्न लाइट नॉट डिटेक्टेड'. मास्तरांनी अर्थ सांगितला – उजेड गेला, परत आल्याचं दिसलं नाही. मंडळी गाभाऱ्याकडे वळून बघायला लागली. गेला तर गेला कुठे? समोर तर देवी! एकजण हळूच म्हणाले की देवीने ठेवून घेतला. मग तो अपराध राहिला कुठे, ते दीपदान झालं. लगेच दोन तट. दीपदान असेल तर संकल्प सोडला होता का, हेही विचारून झालं. दादाने कपाळाला हात लावला.

शेवटी अन्नपूर्णाबाईंची साक्ष तपासायचं ठरलं. मिटल्या डोळ्यांना फ्लॅश दिसतो का? सगळ्यांनी सभामंडपात ओळीने बसून डोळे मिटायचे आणि मास्तर आपल्या फोनचा फ्लॅश मारणार. सभामंडपात पाटी लागू नाही, हे आधी लिहून घेतलं. आम्ही अकराजण डोळे मिटून बसलो. मास्तरांनी सात वेळा बटण दाबलं. पाचजणांना सात दिसले, तिघांना पाच, एकांना एकही नाही. एकजण झोपले. अन्नपूर्णाबाईंनी नऊ मोजले.

निकाल पुढच्या शनिवारी. दादा तिसऱ्या श्राद्धाला धावला.

इंदू कोपऱ्यात बसली होती. मला राग आला. मी हिच्यासाठी एवढा आटापिटा करतो आहे आणि ही परक्यासारखी बसून आहे.

१५ सप्टेंबर

गंगेचं पाणी उतरलं. पायऱ्यांवर गुडघाभर गाळ.

१७ सप्टेंबर, बुधवार

सापडलं! सुटलो!

सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फोटोंची यादी एकत्र दिसते. 'फ्लॅश' या मथळ्यावर बोट मारलं की पडलेले एकीकडे, न पडलेले एकीकडे. सहज मारलं. इंदूच्या फोनमध्ये दोनशे चौदा फोटो. त्यातल्या एकशे सत्त्याऐंशींमध्ये फ्लॅश पडलेला! तोही भर दिवसा! मसुरीची डाळ ताटात पसरलेली – दुपारी बारा वाजून चार मिनिटं, फ्लॅश. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट, मागच्या बाजूने – सकाळी साडेदहा, फ्लॅश. गॅसचं बटण. पंचांगाचं पान. सुईचं नेढं. दारातली पायरी. माझ्या शर्टाची कॉलर. सगळीकडे फ्लॅश.

ही असले फोटो का काढते देव जाणे. पण मुद्दा सिद्ध झाला. फोनच बिघडलेला आहे! ऊन असो की सावली, हा आपला चमकतोच. इंदूचा दोष नाही.

इंदूला यातलं काही सांगितलं नाही. शनिवारी एकदमच कळू दे.

२० सप्टेंबर, शनिवार

जिंकलो. पण जेवण गेलं नाही.

इंदू आली नाही, डोकं दुखतं म्हणाली. मी यादी वाचली. वेळा सांगितल्या. डाळीचा फोटो मोठा करून दाखवला. लोक हसायला लागले. शर्टाच्या कॉलरला तर अन्नपूर्णाबाईसुद्धा हसल्या. म्हणाल्या, बाई गं, हिला वेड लागलंय की फोनला? मास्तरांनी हिशेब केला – शंभरातले सत्त्याऐंशी, म्हणजे फोनचा दोष गणिताने सिद्ध. इंदू निर्दोष, अष्टमीचं गाणं तिचंच. पाटीवर 'फोटो' हा शब्द वाढवण्यासाठी वेगळी बैठक घ्यायचं ठरलं. मी लॅपटॉप मिटला तो छाती फुगवूनच.

सगळे गेले. दादा मात्र बसून राहिला. म्हणाला, तो डाळीचा परत दाखव. दाखवला. गोळ्यांचा दाखव. दाखवला.

"वेणू," म्हणाला, "या पाकिटावर काय लिहिलंय ते तू फोटो काढून वाचतोस का?"

मी म्हटलं, कशाला, हातात घेऊन वाचतो.

"मग ती का काढते?"

दादा उठला, उपरणं झटकलं.

"बारा दिवस आपण फ्लॅश पडला का ते विचारतोय. फोटो का काढला, हे तिला कुणी विचारलं का? तू तरी?"

घरी आलो तेव्हा इंदू स्वयंपाकघरात होती. पाठ माझ्याकडे. ताटात तांदूळ घेऊन निवडत होती. डोळ्यांनी नाही, बोटांनी. किती दिवस अशी निवडते आहे, मला ठाऊक नाही. निकाल सांगितला. "बरं झालं," म्हणाली. पुढे विचारायची हिंमत झाली नाही. अकरा माणसांसमोर मीच तिचे फोटो दाखवून हसवून आलो होतो.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

विचारलं.

उजव्या डोळ्याने दीड वर्षापासून काही नाही. डाव्याने धूसर. फ्लॅश कायम लावलेला ठेवून फोटो काढायचा, बोटांनी ताणून मोठा करायचा, की कळतं – डाळीत खडा आहे का, गोळी कुठली, पायरी कुठे संपते. मैदागिनच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आली होती. मग पुन्हा गेली नाही. मला सांगितलं असतं तर मी ईशानीला सांगितलं असतं, ईशानीने बंगलोरला नेलं असतं, आणि अष्टमी राहून गेली असती.

देवीचा फोटो का, तर – "गेल्या वर्षी गायले, पण मुख दिसलं नाही. समोर नुसता अंधार. यंदा घरी आणून बघितलं."

उद्या सकाळी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे. मी जाणार आहे.

मी कसंबसं विचारलं, मी दिसतो का?

"बोललात की दिसता," म्हणाली.